पोटमाळा नसलेलं घर

चप्पल सापडली रविवारी सकाळी सव्वासात वाजता.

लाल पट्ट्याची, रबरी, उजव्या पायाची. सात वर्षांच्या मुलीच्या मापाची. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांच्या एका ओळीत, अगदी शेवटच्या घराच्या मागच्या दारी, धुण्याच्या दगडावर ती पडली होती. पडली कसली, नीट ठेवल्यासारखी होती.

फौजदार वैजयंती मोकल पोचली तेव्हा तिथे पन्नास माणसं होती, काही तर रात्रीपासून समोरच्या दाराशी. आठ वाजेपर्यंत दोनशे झाली.

"रंजीचीच हाय," यशोदाबाई म्हणाली. ती मुलीची आजी. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "जत्रंतनं मीच घेतलेली. म्हातारीनं नेली माझ्या नातीला. रक्त काढाया नेली."

"कोण म्हातारी?"

दोनशे माणसांनी एकाच दाराकडे बोट केलं.

दारावर पत्र्याची पाटी होती. 'रक्त व लघवी तपासणी. शनिवारी बंद.' खाली नाव, रेना नवगावकर. सदुसष्ट वर्षांची, गोरी, निळ्या डोळ्यांची बाई. साडी नेसायची, मराठी बोलायची. मुंबईच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये तीस वर्षं काम करून निवृत्त झालेली. नवरा वारला होता. आठ वर्षं ती या घरात एकटी राहत होती आणि बोनकोडे गावातल्या निम्म्या लोकांचं रक्त तिने कधी ना कधी तपासलं होतं.

गेला महिनाभर गावात एक बोलवा होती. खाडीवरच्या नव्या पुलाचे खांब उभे राहत नाहीत, त्यांना लहान मुलांचं रक्त लागतं, आणि ते पुरवणारं जवळपासच कुणीतरी आहे. वैजयंतीच्या कानावर ती आली होती. अशा बोलवा तिने पेणला लहानपणीही ऐकल्या होत्या. तिने लक्ष दिलं नव्हतं.

तिने चप्पल रुमालात धरून उलटी केली. तळाच्या खाचांत राखाडी चिखल वाळून बसला होता. चिखलाच्या कडेने पांढरी भुकटी. पट्ट्यावर काळ्या ग्रीसचा डाग. तिने बोटाला थोडी भुकटी लावली, जिभेला टेकवली आणि थुंकली.

मागच्या दारी सिमेंटचा कोबा होता. समोर गल्लीत तांबडा मुरूम.

तिने चप्पल रुमालात गुंडाळून जवळ ठेवली.

"हिरामण, नीट आठवून सांगा. मुलगी घरातून कधी निघाली?"

हिरामण म्हणजे रंजिताचा बाप. पावण्याच्या एका कारखान्यात फिटर. डोळे कोरडे, अंगावर कालचेच कपडे.

"साडेतीनला. शिकवणीला. चार ते सा असती."

"शिकवणीला पोचली?"

"नाय. बाईंना वाटलं आजारी असंल."

"तुम्हाला कधी कळलं?"

"सव्वासापर्यंत आली नाय, तवा मी बाईंच्या घरी गेलो. साडेसाला सगळी शोधाया निघालो. स्टेशनची बाजू मी घेतली. पावण्याकडं गावातली पोरं गेली. खाडीची बाजू माझ्या भावानं बघितली."

भाऊ जवळच उभा होता. विपुल, बावीस-तेवीस वर्षांचा. बिल्डरच्या भरावाचा डंपर चालवायचा. कालपासून त्याच्या पोटात पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं, असं बायका सांगत होत्या. तो आईला धरून उभा होता आणि रंजिताचं नाव निघालं की तोंड फिरवत होता.

"लाडकी व्हती त्याची," शेवंताबाई हळूच म्हणाली. ती शेजारची. "नळावर पानी भरताना त्याच्या तोंडून ऐकलं, तवाच माझ्या काळजात चर्र झालं बघा."

मग सुधीर आठल्ये पुढे आला. रेनाबाईच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर. बेलापूरला सरकारी कचेरीत नोकरी, ओळीतल्या घरांच्या कमिटीचा सेक्रेटरी. चप्पल त्यालाच दिसली होती, दात घासताना.

"मॅडम, मी जबाबदारीने बोलतोय. काल मी मुलीचं रडणं ऐकलं."

मागची माणसं ऐकायला पुढे सरकली.

"कधी?"

"साडेपाचला. नळ नुकताच गेला होता, म्हणून लक्षात आहे."

"कुठून?"

"वरून. त्यांच्या पोटमाळ्यावरून. आमचा आणि त्यांचा पोटमाळा एकाच भिंतीला आहे. मी ट्रंक काढायला वर चढलो होतो. स्पष्ट ऐकलं."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"मला काय माहीत, मॅडम! रक्त घेताना मुलं रडतातच. पण शनिवारी यांचं बंद असतं ना? मग रडत कोण होतं? शिवाय शुक्रवारपर्यंत दोन दिवस ही बाई कसल्या तरी पांढऱ्या भाकऱ्या भाजत होती. मीठ नाही, काही नाही. विचारलं तर म्हणते, सण आहे. कसला सण?"

गर्दीतून पहिला दगड सुटला. तो दाराच्या चौकटीवर आपटला.

हवालदार सयाजीने काठी आडवी धरली. त्याच्यासोबत तीन शिपाई होते. ठाण्यातून वायरलेसवर निरोप आला होता, जादा कुमक निघाली आहे, तोवर बाईला बाहेर काढून गाडीत बसवा, म्हणजे लोक निवळतील.

वैजयंतीने दारावर थाप मारली. "रेनाबाई, पोलीस."

आतून शांत आवाज आला. "म्हणूनच उघडत नाही."

"तुमच्या रक्षणासाठी आलोय."

"तेव्हाही असंच म्हणाले होते. आधी पोलीस आत आले. आमच्याकडे होती नव्हती ती हत्यारं काढून घेतली. मग आम्हाला बाहेर ढकललं. बाहेर लोक उभे होते."

वैजयंतीला काही समजलं नाही. एवढंच कळलं, की दारामागची बाई घाबरून वेडी झालेली नाही. तिला काहीतरी पक्कं आठवतंय.

"कोण आत आले होते? कुठे?"

"क्येल्त्सेला. पोलंडमध्ये. एकोणीसशे सेहेचाळीस."

पाठीमागे कुणीतरी ओरडलं, दार तोडा. वैजयंतीने कमरेचं पिस्तूल काढलं आणि सयाजीच्या हातात दिलं.

"बाई, मी पेणची आहे. आमच्या गावात शनिवार तेल्यांची आळी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यूंची, तुमच्याच लोकांची. माझी आजी त्यांच्याकडून तेल घ्यायची, शनिवार सोडून. मी एकटी आत येते. हात रिकामे आहेत. खिडकीतून बघा."

खिडकीची फट किलकिली झाली. मग कडी निघाली.

आत एकच खोली होती. पलंग, फ्रीज, टेबलावर मायक्रोस्कोप. लाकडी स्टँडमध्ये शुक्रवारी घेतलेल्या रक्ताच्या काचेच्या नळ्या, नावांच्या चिठ्ठ्या लावून. कोपऱ्यात माठ. डोक्यावर थेट सिमेंटचे पत्रे, आणि दोन पत्र्यांच्या फटीतून येणारी उन्हाची रेघ. ताटात पांढऱ्या कापडाखाली पातळ भाकऱ्या होत्या.

वैजयंतीने पलंगाखाली पाहिलं. कपाट उघडलं. फ्रीज, न्हाणी, पाण्याची टाकी. मुलगी नव्हती. कुणी आलं होतं अशी खूणही नव्हती.

"चप्पल तुमच्या दारी कशी आली?"

"माहीत नाही."

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच. काल शनिवार, त्यात पासोवर, आमचा सण. दार लावून बसले होते."

"मुलीला ओळखता?"

"रंजिता. जानेवारीत कावीळ झाली होती. सुई टोचताना रडली नाही. मला म्हणाली, तुमचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे आहेत." रेनाबाई एक पाऊल पुढे आली. "सापडली का हो ती?"

"नाही."

"मग तुम्ही इथे काय करताय?"

वैजयंतीने खिडकीच्या फटीतून बाहेर पाहिलं. बाहेरचा आवाज वाढत चालला होता.

"क्येल्त्सेला काय झालं होतं?"

रेनाबाई पलंगावर बसली. ती भरभर बोलू लागली, जणू वेळ थोडा आहे हे तिला जास्त कळत होतं.

"लढाई संपून चौदा महिने झाले होते. आमच्यातले जे वाचले ते एका इमारतीत राहत होतो. मी अठरा वर्षांची. गावातला एक मुलगा दोन-तीन दिवस दिसेना. तो परत आला. मग सांगू लागला, ज्यूंनी मला तळघरात कोंडलं होतं. लोक जमले, म्हणाले, हे पोरांचं रक्त काढतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मारत होते. दगडांनी, लोखंडी सळ्यांनी. बेचाळीस माणसं मेली. माझी मावशी त्यात होती. आणि त्या इमारतीला तळघर नव्हतंच, बाई. ती नदीकाठी होती. खाली खणलं की पाणी लागायचं. कुणीही आत येऊन पाहिलं असतं तरी कळलं असतं."

"आणि मुलगा?"

"लांबच्या एका खेड्यात गेला होता. चेरी खायला."

दुसरा दगड पत्र्यावर वाजला. रेनाबाई दचकली नाही.

"हे आमच्याच गावात झालं असं नाही. आठशे वर्षं चाललंय. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली. ईस्टरच्या सुमारास मूल हरवलं की ज्यूंनी नेलं. त्याचं रक्त सणाच्या भाकरीत घातलं. आणि आमच्यात तर बकऱ्याचंही रक्त खात नाहीत, मांसाला मीठ लावून ते काढून टाकतात. पण सांगून कोण ऐकतं? माझा नवरा म्हणायचा, रेना, आमचे लोक कोकणात किती शतकं राहिले, कुणी बोटसुद्धा लावलं नाही. तू माझ्या देशात चल. म्हणून आले." तिने भाकऱ्यांवरचं कापड सारखं केलं. "त्याचं खरं होतं. कालपर्यंत."

"रेनाबाई, मला मुलगी शोधायचीय. मदत करा."

"तुम्ही मुलगी शोधताय. आधी गोष्ट शोधा. ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या तोंडून निघाली आणि किती वाजता? क्येल्त्सेला ती निघाली तेव्हा मुलगा हरवलेला नव्हताच. घरी पोचला होता. कुणी हे कधी विचारलंच नाही."

तेवढ्यात खिडकीची काच फुटली.

दगड टेबलावर आला. नळ्यांचा स्टँड उडाला, माठाला लागला. माठ फुटला. पाणी आणि वीस माणसांचं रक्त एक होऊन फरशीवर पसरलं, आणि उताराने उंबऱ्याखालून बाहेर ओट्यावर गेलं.

बाहेर ओट्याजवळची माणसं ते पाहून मागे सरली.

मग यशोदाबाईची किंकाळी आली. "माझ्या रंजीचं रक्त!"

दोनशे माणसं एकदम पुढे सरकली. सयाजी ओट्यावरून खाली पडला. दाराच्या फळ्या आत वाकू लागल्या. दुसरी काच फुटून तिचा तुकडा रेनाबाईच्या कपाळात घुसला. ती पलंगामागे बसली, गुडघे छातीशी धरून, आणि कुठल्या तरी भाषेत पुटपुटू लागली.

वैजयंतीने स्वतःच दार उघडलं.

"हिरामण!" ती घसा फोडून ओरडली. "तुझी पोर आत आहे ना? ये, बघ! तू बाप आहेस, आधी तू ये! आणि सुधीर आठल्ये, तुम्ही या! पोटमाळा दाखवा!"

बापाला वाट द्यायला गर्दी थांबली. तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात होती. हिरामण आत आला. सुधीरला लोकांनी ढकललं.

फुटलेल्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या हिरामणने पाहिल्या. एकीवर त्याच्या आईचं नाव होतं, साखरेच्या तपासणीचं. मग त्याने सगळीकडे पाहिलं. शेवटी वर.

"सुधीरभाऊ," तो म्हणाला. "पोटमाळा कुठं हाय?"

सुधीरने वर पाहिलं. पत्रे. फटीतून ऊन.

ओळीतल्या बाकीच्या प्रत्येक घरात लोकांनी खर्च करून पोटमाळा बांधून घेतला होता. बाहेरून सगळी घरं सारखी दिसत. सुधीर आठ वर्षांत या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता.

"लढाईत दीड वर्ष मी एका शेतकऱ्याच्या माळ्यावर लपून होते," पलंगामागून रेनाबाई म्हणाली. "डोक्यावर फळ्या असल्या की मला झोप येत नाही. म्हणून केला नाही."

"काय ऐकलंत काल?" वैजयंतीने सुधीरला विचारलं.

सुधीर अजून वरच पाहत होता. "काहीतरी... ऐकल्यासारखं..."

"रडणं ऐकलंत?"

"नाही."

"मग का बोललात?"

"सगळे म्हणत होते, मॅडम. मला वाटलं, खरंच असेल. एवढे लोक म्हणतात तर... आणि हे रक्ताचं काम वस्तीत नको, असं मी दोनदा लेखी दिलं होतं. मला वाटलं..."

हिरामणचा हात उठला. वैजयंतीने तो धरला.

"याला नंतर बघू. वेळ नाही. सुधीर, म्हातारीचं तुम्हाला पहिल्यांदा कोण बोललं?"

"हाच. हिरामण. काल आठला."

"हिरामण, तुला कोण बोललं?"

"शेवंतावैनी. सातला."

वैजयंती ओट्यावर आली. पाय लाल पाण्यात भिजले. "शेवंताबाई, पुढे या. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मी सांगितलं ना मगा. विपुलनं. नळावर."

"तो नेमकं काय म्हणाला? शब्द आठवा."

शेवंताबाई गोंधळली. "म्हनला, वैनी, रंजी कुटं गावत नाय. त्या रक्तवालीनं तर नेली नसंल?"

"नळाला पाणी कधी येतं?"

"पाचला. साडेपाचला जातं. मना वाटलं, घरच्यांना म्हाईतच असंल."

वैजयंती हिरामणकडे वळली. "शिकवणी कधी सुटते?"

"सा वाजता."

"तुम्ही शोधायला कधी निघालात?"

"साडेसाला."

हिरामणच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उमटू लागलं, मग शेवंताबाईच्या, मग मागच्या माणसांच्या. पाच वाजता रंजिता शिकवणीत असायला हवी होती. पाच वाजता ती हरवली आहे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

एकालाच माहीत होतं.

गर्दी आपोआप फाकली. विपुल आईचा हात धरून उभा होता.

"या चपलेच्या तळाला मीठ आहे," वैजयंती म्हणाली. "मी पेणच्या खारेपाटातली आहे, खाऱ्या जमिनीतली, चव ओळखते. इथे कोबा आहे आणि मुरूम आहे. मीठ फक्त जुन्या मिठागरांत आहे, खाडीच्या बाजूला. काल ती बाजू तू एकट्याने शोधलीस. आणि पट्ट्यावर ग्रीस आहे. विपुल, रंजिता कुठे आहे?"

"मना काय म्हाईत..."

"ती जिवंत असेल तर?"

त्याने मान वर केली.

"तू नीट पाहिलंस? श्वास पाहिलास? सतरा तास झाले. ती जिवंत असेल आणि उन्हात पडली असेल तर?"

तो तिथेच मुरुमात बसला.

"काका, येऊ दे, येऊ दे, म्हनत व्हती," तो म्हणाला. "मागं उभी राहून मना सांगत व्हती. मंग आवाज बंद झाला."

मिठागराच्या बांधावर जीप जाईना. शेवटचं अंतर ते धावत गेले. वैजयंती, हिरामण, सयाजी, आणि मागून कितीतरी. दहा वाजले होते, पण ऊन डोळे उघडू देत नव्हतं. मिठागर बंद होऊन वर्षं झाली होती. मजुरांचं एक खोपट तेवढं कसंबसं उभं होतं.

विपुलने तिला खोपटाच्या आतल्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवलं होतं. ती दारात सापडली. तेवढं अंतर ती रात्रीत सरपटत आली होती. डावं पाऊल चेंदलेलं. ओठ फाटलेले, डोळे अर्धे उघडे.

हिरामणने तिच्या छातीला कान लावला. सयाजीने उन्हाला पाठ करून तिच्यावर सावली धरली.

"चालतंय," तो म्हणाला. मग तो जो रडला, ते ऐकून बांधावर आलेली माणसं एकेक करून खाली बसली.

दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात हिरामणने वैजयंतीला विचारलं, "बाई, तुमाला कसं कळलं?"

"चपलेने निम्मं सांगितलं होतं. पण चप्पल कुणीही आणून टाकली असती. आठल्येंचं खोटं ऐकलं तेव्हा मला वाटलं, तेच असतील. बाईंना घालवायचं होतंच त्यांना. पण ज्याने मुलीला काही केलं असेल तो दुसऱ्याच्या घराबद्दल एवढं ठाम खोटं बोलायच्या आधी घर बघून येईल. आठल्ये नुसते सामील झाले होते. गर्दीत खोटं बोलणारे पुष्कळ असतात, हिरामण. त्यातला एकच पहिला असतो. तो शोधायला मला रेनाबाईंनी सांगितलं."

"विपुलनं काय केलं नेमकं?"

"साडेतीनला ती त्याला रस्त्यात भेटली. डंपरमध्ये बसायचं म्हणाली. त्याने बसवलं, नेहमी बसवायचा. मिठागराकडे भराव टाकताना तिला मागे उभं केलं. तिचा पाय सटकला असावा. मागचं चाक पावलावरून गेलं, डोकं दगडावर आपटलं. ती बेशुद्ध झाली, त्याला वाटलं मेली. अवजड गाडीचं लायसन नाही त्याच्याकडे. पण त्यापेक्षा तुझी भीती वाटली, असं म्हणाला. तिला लपवलं, निसटलेली एक चप्पल खिशात राहिली. गावात शिरला तर नळावर बायका पुलाच्या रक्ताचंच बोलत होत्या. गोष्ट तयार होती. त्याने फक्त रंजीचं नाव घातलं. पहाटे चप्पल नेऊन ठेवली."

हिरामणने रंजिताच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"डाक्टर म्हनले, काल संध्याकाळी आनली असती तर पाय ऱ्हायला असता."

"हो."

"आमी काल रातभर त्या म्हातारीच्या दाराशी उभं व्हतो. आत जाऊन कुनी बघितलं पन नाय. आनि खाडीकडं दुसऱ्यांदा कुनी गेलंच नाय."

वैजयंतीने मान हलवली.

मंगळवारी रेनाबाईच्या कपाळाला सहा टाके होते. घरात काच झाडून कोपऱ्यात ढीग केला होता. खिडकीला पुठ्ठा लावला होता. पलंगावर बॅग होती, अर्धी भरलेली.

ठाण्यातल्या साहेबांचं म्हणणं होतं, मुलगी मिळाली, आरोपी मिळाला, आता दंगलीचं प्रकरण वाढवू नका. गावची माणसं आहेत, चुकली. वैजयंती तरीही जबाबाचे कागद घेऊन आली होती.

"जाणार?" तिने बॅगेकडे पाहत विचारलं.

"माझी मुलगी बोलावतेय, इस्रायलला, हैफात. काल रात्री भरायला घेतली." रेनाबाईने कपाळाला हात लावला. "तेव्हा अठरा वर्षांची होते. पळता येत होतं."

"यशोदाबाई आल्या होत्या?"

"दारापर्यंत आल्या. उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मी रंजिताचं विचारलं, तर पदर तोंडाला लावून निघून गेल्या." बॅगेतली साडी नीट करत ती म्हणाली, "मी परत बोलावलं असतं तर बरं झालं असतं का, तेच ठरत नाही."

वैजयंतीने कागद पुढे केला. "तक्रार द्यायची की नाही हे तुमच्यावर आहे. जबरदस्ती नाही. दगड मारणाऱ्यांतलं कुणी ओळखू आलं?"

रेनाबाईने खुर्ची ओढली. चष्मा लावला.

"सगळे," ती म्हणाली. "मी त्यांचं रक्त तपासलंय, बाई. कुणाला साखर आहे, कुणाला कावीळ होऊन गेली, कुणाची बायको चौथ्या महिन्यात आहे, मला माहीत आहे. बावीस नावं आहेत. क्येल्त्सेला मला कुणी विचारलं नाही. तुम्ही विचारलंत, म्हणून सांगते. लिहा."

वैजयंतीने पेनचं टोपण काढलं. "सुधीर आठल्येंपासून सुरू करू?"

"नको. त्याने दगड मारला नाही. तो हात बांधून उभा होता, मी खिडकीतून पाहिलं." रेनाबाईने खालच्या कोऱ्या कागदावर बोट ठेवलं. "त्याला वेगळं पान घ्या."